कोळ्याच्या पोटातली माशी

कोळी माशीला खातो हे लहान मुलालाही ठाऊक असते. माशी कोळ्याला खाते असे कोणी म्हटले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण अशा माश्या आहेत, आणि एकदोन नव्हेत. त्यांचे एक संपूर्ण कुळच आहे. जगभर मिळून या कुळातल्या पाचशेहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. या कुळातल्या सर्व माश्यांचा जन्म कोळ्याच्या देहात होतो. या पानावर आपण नेहमी खते, बियाणे, जनावरांचे रोग यांविषयी वाचतो. या वेळी जरा वेगळ्या जीवाची ओळख करून घेऊ. त्यातून शेताच्या कामाचे आणि प्रकृतीच्या कामाचेही थोडे निघेल.

आधी एक खुलासा. येथे कोळी म्हणजे भिंतीवरचा व शेतातला आठ पायांचा कोळी. समुद्रावर जाळे टाकणारे आपले कोळीबांधव नव्हेत. दोघांचाही धंदा जाळ्याचा, म्हणून मराठीने दोघांना एकच नाव दिले असावे. गुजरातीत या प्राण्याला करोळियो म्हणतात. या शब्दाकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

या माश्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव अॅक्रोसेरिडी. मराठीत त्यांना रूढ नाव नाही, कारण सहसा त्या कोणाच्या नजरेसच पडत नाहीत. त्यांचे रूप पाहता मी त्यांना कुबडी माशी म्हणेन. पाठीवर मोठे कुबड, पोट फुगीर, आणि डोके इतके लहान की ते जवळजवळ कुबडाखाली लपते. त्या एवढ्याशा डोक्यावरही जवळपास सगळी जागा डोळ्यांनीच व्यापलेली. पंखांच्या मुळाशी दोन मोठे पांढुरके पडदे असतात. एकदा पाहिली की दुसऱ्या माशीशी तिची गल्लत होणार नाही. आकाराने काही जाती डासापेक्षाही लहान, तर काही मधमाशीएवढ्या. परदेशात हिरव्या-निळ्या धातूसारख्या चकाकणाऱ्या जातीही आहेत.

मोठी झाल्यावर ही माशी अगदी निरुपद्रवी असते. ती चावत नाही, अन्नावर बसत नाही, घाणीवर तर नाहीच. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, कॅलिफोर्निया येथील काही जातींना लांबच लांब सोंड असते. काहींची सोंड अंगापेक्षाही लांब. त्या फुलांतला मध चोखतात, आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचे कामही आपोआप होते. याउलट 'ऑग्कोडिस' नावाच्या, जगभर आढळणाऱ्या गटातल्या माश्यांचे तोंड कामाचेच राहिलेले नाही. मोठेपणी त्या काही खात नाहीत. काही दिवसांचे आयुष्य, त्यात जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचे. लहानपणी कोळ्याच्या पोटात जे खाऊन घेतले त्याच शिदोरीवर ही शेवटची वाटचाल.

एका कैदी धर्मगुरूची गोष्ट

'ऑग्कोडिस' हे नाव ज्यांनी दिले ते आपल्याच पंथाचे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांची हकिकत या पानावर सांगायलाच हवी. प्येर आंद्रे लात्रेय हे त्यांचे नाव. जन्म १७६२ सालचा, फ्रान्समधला. १७८६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. लवकरच फ्रेंच राज्यक्रांती झाली. नव्या सरकारने धर्मगुरूंकडून एकनिष्ठेची शपथ मागितली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. लात्रेय त्यांपैकी एक. बोर्दो शहराच्या तुरुंगात ते हद्दपारीची वाट पाहत पडले होते.

कैद्यांना तपासायला एक डॉक्टर येत असत. एके दिवशी त्यांना हा धर्मगुरू कोठडीच्या जमिनीवर वाकून एक बारीक किडा न्याहाळत असलेला दिसला. हा किडा दुर्मिळ आहे, असे लात्रेय म्हणाले. डॉक्टरांनी तो शहरातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाकडे पाठवला. या मुलाला निसर्गाचा नाद होता, आणि पुढे तो स्वतः नामवंत शास्त्रज्ञ झाला. लात्रेय यांचे कीटकांवरचे काम त्या मुलाला ठाऊक होते. त्याने खटपटी करून त्यांना सोडवले. त्या कोठडीतले इतर अनेक जण वाचले नाहीत. त्या किड्याच्या नावाचा अर्थ 'मेलेल्यावर जगणारा' असा आहे. त्याचेच एक भावंड सुक्या मासळीत सापडते, आणि वसईकडच्या आमच्या भगिनींना त्याचा चांगलाच परिचय असेल!

सुटकेनंतर थोड्याच काळाने, १७९७ साली, लात्रेय यांचे कीटकांच्या वर्गीकरणाचे पहिले पुस्तक निघाले. 'ऑग्कोडिस' हे नाव त्याच काळातले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'फुगलेला'. लात्रेय पुढे पॅरिसच्या संग्रहालयात कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले व १८३३ साली वारले. पुन्हा ते धर्मकार्याकडे वळले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांच्या थडग्याच्या दगडावर त्या किड्याचे नाव कोरलेले आहे.

आपल्या देशातील माश्यांची पहिली मोठी मोजदाद करणारा गृहस्थही असाच निराळा होता. एन्रिको ब्रुनेट्टी हे पेशाने वादक. कलकत्त्यात संगीतावर पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात माश्या पकडायच्या, असा त्यांचा क्रम. 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या सरकारी ग्रंथमालेत १९२० साली त्यांचा जो खंड निघाला, त्यात या कुबड्या माश्यांचे प्रकरण जुन्या नावाखाली, सिर्टिडी म्हणून, आले आहे. त्यानंतर आपल्याकडे या कुळावर फार थोडे लिहिले गेले. कोळ्यांच्या बाबतीत परिस्थिती त्यामानाने बरी आहे. पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण केंद्रात काम केलेले बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर मोठे काम केले. त्यांचा हस्तग्रंथ १९८७ साली निघाला. आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागानेही जिल्ह्यातल्या शेतांत फिरून पिकांमधले कोळी गोळा केले, ओळखले व मोजले आहेत. म्हणजे यजमानाची यादी आपल्यापाशी आहे, पण त्याच्या पोटात बसलेल्या पाहुण्याची नाही.

अंड्यापासून माशीपर्यंत

आता खरी नवलाची गोष्ट. कुबड्या माशीची मादी कोळ्याच्या वाटेलाच जात नाही. ती आपली अंडी गवताच्या पात्यांवर, वाळक्या काटक्यांवर, झाडाच्या सालीवर टाकत जाते. अंडी काळपट, मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक. त्यांची संख्या मात्र शेकड्यांनी, काही जातींत हजारांनी. एवढी कशासाठी? पेरणाऱ्याचा दाखला आठवा. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत. इथे तर हजारातले एखादेच चांगल्या जमिनीत पडते, आणि ती चांगली जमीन म्हणजे चालताफिरता कोळी.

अंड्यातून निघणारी अळी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. पण तिला लहान म्हणून कमी लेखू नये. तिचे अंग कवचासारख्या पट्ट्यांनी झाकलेले असते, म्हणून ती लवकर सुकत नाही. ती शेपटीवर ताठ उभी राहते आणि वाट पाहते. कमानीसारखी वाकून चालते, आणि वेळ पडली तर उडीही मारते. जवळून कोळी गेला की त्याच्या पायाला चिकटते. पायावरून चढत, सांध्याजवळची मऊ कातडी गाठून तेथून आत शिरते. कधी सरळ पोटाच्या कातडीतून. कोळ्याला याचा पत्ता लागतोच असे नाही. कधी कधी तो पायाने तिला झटकण्याचा प्रयत्न करताना दिसतो.

आत शिरल्यावर ती थांबते कोठे? कोळ्याच्या फुप्फुसापाशी. कोळ्याचे फुप्फुस आपल्यासारखे नसते. पोटाच्या खालच्या अंगाला एक पोकळी असते, आणि तिच्यात पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, अगदी मिस्साग्रंथाच्या पानांसारखे. शास्त्रज्ञ त्यांना पुस्तक-फुप्फुसेच म्हणतात. या पानांच्या फटींतून हवा खेळते. अळी आपले मागचे टोक या पानांना टेकवून बसते, कारण तिची श्वासाची छिद्रे तेथेच असतात. म्हणजे डोके कोळ्याच्या रक्तात आणि श्वास कोळ्याच्या हवेतून. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एव्हर्ट श्लिंगर (१९२८–२०१४) यांनी सारे आयुष्य या कुळाच्या अभ्यासात घालवले. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळ त्यांच्यामुळे.

येथे अळी वाट पाहते. कोळी लहान असेल तर तो मोठा होईपर्यंत. बिळात राहणारे काही मोठे कोळी बरीच वर्षे जगतात. अशा कोळ्यांत ही अळी महिनेच नव्हे, तर वर्षेसुद्धा गप्प बसून राहते. यजमान खातो, पितो, शिकार करतो, कात टाकतो, आणि पाहुणा जवळजवळ काही न मागता श्वास घेत राहतो. मग एक दिवस तिची वाढ सुरू होते. ती झपाट्याने कोळ्याला आतून खाऊ लागते. थोड्याच दिवसांत पोटाची नुसती पिशवी उरते. ती फोडून पांढरी, जाडजूड अळी बाहेर येते. काही जातींत आणखी एक चमत्कारिक प्रकार पाहण्यात आला आहे. मरण्यापूर्वी कोळी नेहमीपेक्षा निराळे जाळे विणतो, आणि बाहेर पडलेली अळी त्याच जाळ्याच्या आडोशाला आपला कोष करते. कोषातून यथावकाश कुबडी माशी निघते.

हे सर्वच कोळ्यांच्या बाबतीत सारखे घडत नाही. गोल जाळे विणून मध्ये बसणाऱ्या कोळ्यांना तिचा उपद्रव कमी. जमिनीवर धावून शिकार करणारे लांडगा-कोळी, उड्या मारणारे कोळी, पानांच्या सुरळीत राहणारे कोळी, बिळातले कोळी, हे तिचे मुख्य यजमान. कारण उघड आहे. गवतातून आणि काटक्यांवरून हिंडणाऱ्यालाच अळी गाठू शकते.

आपल्या घराच्या भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारीण पुष्कळांनी पाहिली असेल. तीही कोळ्यांची वैरीण, पण ती माशी नव्हे. ती गांधीलमाशीच्या जातीची आणि शिकारी बाण्याची. कोळ्याला नांगी मारून लुळा करते, मारत नाही. मग एकेका कोठडीत असे कितीतरी लुळे कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिची अळी हे ताजे अन्न खाऊन वाढते. जुने घरटे फोडून पाहा, आत कोळ्यांचे अवशेष मिळतील. शिवाय कुबड्या माशीच्या नात्यातले दुसरे एक कुळ टोळ आणि नाकतोडे यांच्या पोटात वाढते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अधिक उपकारक म्हणायला हवे. हे सारे फार जुने आहे. कझाकस्तानात खडकांत कुबड्या माशीचे जे ठसे मिळाले ते पंधरा कोटी वर्षांहून जुने आहेत. माणसाचा तेव्हा मागमूसही नव्हता.

देवाने हे कशाला केले?

येथे कोणीही विचारील, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले तर हटकून विचारतात, की फादर, दयाळू परमेश्वराने असला प्राणी का निर्माण केला? जिवंत प्राण्याला आतून पोखरणारा?

प्रश्न पोरकट नाही. चार्ल्स डार्विन तरुणपणी केंब्रिजला धर्मसेवक होण्याच्या इराद्याने शिकत होता. १८६० साली त्याने आपला मित्र, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला पत्र लिहिले. सुरवंटाला आतून खाणाऱ्या एका माशीसारख्या कीटकाचा दाखला देऊन त्याने कळवले की, भल्या आणि सर्वसमर्थ देवाने हे मुद्दाम योजले असेल हे आपल्या मनाला पटत नाही. ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती होता. दोघांची मैत्री मात्र टिकली.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनास शिकवीत. त्यांनी तेराव्या शतकातच या प्रश्नाला हात घातला होता. प्राणी मारले गेले नसते तर सिंह जगलाच नसता, असे ते म्हणतात. शिवाय, आदामाच्या पापामुळे सिंह आणि ससाणे मांसाहारी झाले, आधी ते गवत खात होते, ही समजूत त्यांनी साफ नाकारली आहे. मनुष्याच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला उत्तर देतो तेव्हा सिंहिणीची शिकार आणि कावळ्याची भुकेली पिले त्याच्यापुढे उभी करतो. गरुडाची पिले रक्त चाटतात, हेही तो लपवत नाही. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे गर्जना करून देवाजवळच अन्न मागतात. बायबलची सृष्टी भित्तिचित्रातल्यासारखी गोड नाही.

कोळ्याला आपल्यासारखे दुःख होते काय? कीटक आणि कोळी यांच्या वेदनेविषयी आज शास्त्रज्ञ पुष्कळ वाद घालतात. आपल्यासारखी उद्याची भीती, मागे राहणाऱ्या मुलांची चिंता त्याला नसावी, असे मला वाटते. पण एक सावधगिरी मी स्वतःला नेहमी बजावतो. निसर्गात मरणातून जीवन निघते हे कोळ्याविषयी बोलताना ठीक आहे. ज्या घरात लेकरू गेले आहे त्या घरात जाऊन हे वाक्य उच्चारू नये. तेथे गप्प बसून आईचा हात धरावा. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस तेच केले. तोंड उघडल्यावर त्यांचे चुकले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. त्यात प्रत्येक जीवजातीला तिचे स्वतःचे मोल आहे, केवळ आपल्या उपयोगापुरते नव्हे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. कुबड्या माशीचा मला आजवर काही उपयोग सापडलेला नाही, म्हणून हे परिपत्रक वाचताना मला तिची आठवण होते.

मग शेतकऱ्याने कोणाची बाजू घ्यावी?

कोळी शेतकऱ्याचा मित्र. मित्राला मारणारी ती शत्रू. म्हणून कुबडी माशी शेतकऱ्याची शत्रू, असा हिशेब कोणी मांडील. पण हा हिशेब चुकतो, कारण ही माशी फार थोडी असते. तिच्यामुळे शेतातले कोळी संपल्याचे कोठे ऐकिवात नाही. शेतातले कोळी संपतात ते आपल्या हातातल्या पंपामुळे.

भाताचेच घ्या. भाताच्या चुडाच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुडे रस शोषतात. जास्त झाले की जागोजाग पीक करपल्यासारखे वाळते. या तुडतुड्यांचा मोठा भक्षक म्हणजे लांडगा-कोळी. तो जाळे विणत नाही, पाण्यावरून आणि बुंध्यांवरून धावत शिकार करतो. आता रोगाच्या नुसत्या भीतीने आपण सरसकट मारणारे औषध फवारले, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉईड, तर काय होते? तुडतुडे मरतात, कोळीही मरतात. पण तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात आत खुपसलेली असतात. त्यांना औषध पोहोचत नाही. आठदहा दिवसांत नवी पिले निघतात, आणि त्यांना खाणारा आता कोणी उरलेला नसतो. कोळ्याची पैदास सावकाश होते. म्हणून फवारणीनंतर तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात. शेतकरी म्हणतो औषध नकली होते, आणि पुन्हा फवारतो.

इंडोनेशिया देशाने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. सरकारी अनुदानामुळे तेथे कीटकनाशके स्वस्त होती व फवारणी भरमसाट. तुडतुड्यांनी लाखो एकर भात खाल्ला. फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अभ्यासाचा आधार मिळाला, आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरील ५७ कीटकनाशकांवर एका हुकमाने बंदी घातली. पुढे अनुदानही काढले. भाताचे उत्पन्न घटले नाही.

आपल्याकडे तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तर कोळ्याला फवारणीच्या हिशेबातच घेतले आहे. त्यांची शिफारस अशी की, कोळी नसतील तर फुटव्यामागे एक तुडतुडा दिसला की औषधाचा विचार करावा. पण चुडामागे एक कोळी असेल तर फुटव्यामागे दोन तुडतुडे होईपर्यंत थांबावे. एका कोळ्याची किंमत अशी कागदावर मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तेव्हा पंप खांद्यावर घेण्याआधी शेतात तिरपे चालत जावे, वीसेक चूड हाताने बाजूला करून बुंध्याशी पाहावे, तुडतुडे मोजावेत आणि कोळीही मोजावेत. बांधावरचे सगळे गवत एकदम काढू नये किंवा जाळू नये. लावणीनंतर उघड्या शेतात पेंढ्याच्या लहान जुड्या ठेवल्या तर कोळ्यांना आसरा मिळतो. कपाशी, तूर, एरंडी यांतही कोळी पुष्कळ असतात. तेथेही पहिले दोन महिने हात आवरला तर फायदाच आहे. फवारणे भागच पडले तर तोंडाला फडके, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेने चालणे आणि नंतर साबणाने अंघोळ. या गोष्टी पूर्वीही सांगितल्या आहेत, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

कोळ्यावर घातलेले खोटे आळ

आता करोळियाकडे वळू. गुजरातीत अंगावर उठणाऱ्या फिकट किंवा तपकिरी चट्ट्यांना करोळिया म्हणतात. आपण मराठीत शिबे म्हणतो. कोळी अंगावरून गेल्याने ते उठतात, अशी समजूत आहे, आणि म्हणून घरातले कोळी झाडूने मारले जातात. बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नाही. ही एक बुरशी आहे. ती आपल्या सर्वांच्याच कातडीवर थोडी असते. उकाडा, घाम आणि तेलकटपणा यांत ती वाढते. बडोद्याच्या पावसाळ्यात तिला हवे ते सारे मिळते. डॉक्टर बुरशीवरचे मलम किंवा अंगाला लावायचा औषधी शांपू देतात, त्याने ती मरते. मात्र बुरशी मेल्यावरही कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतात. एवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजू नये. चुना, शेण, बॅटरीचे पाणी असले काहीही लावू नये.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. चट्टा फिकट आहे आणि त्या जागी स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही, असे असेल तर ते शिबे नव्हे. तो कुष्ठरोग असू शकतो. ताबडतोब सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. औषध तेथे फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो, हातपाय वाकडे होत नाहीत. लाजेने घरात बसून राहिल्यानेच नुकसान होते.

'कोळी मुतला' म्हणून ज्याला म्हणतात, ते फोड बहुधा दुसऱ्याच दोन कारणांनी येतात. एक म्हणजे पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लांबट, नारिंगी-काळा किडा. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. हा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. रस लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा. (हाच किडा भाताच्या शेतात तुडतुडे खातो, हेही ध्यानात असू द्या.) दुसरे कारण नागीण. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आग होते आणि पट्ट्याने फोड येतात. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून बसलेला असतो, तोच पुन्हा उठतो. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे गेले तर औषधाचा उपयोग चांगला होतो. मंत्र, गेरू यांत हे तीन दिवस घालवू नका. आणि कापल्या जागी रक्त थांबवायला जळमट लावण्याची जुनी रीत सोडून द्या. जळमटात धूळ असते, आणि धुळीत धनुर्वाताचे जंतू.

कुबडी माशी आपल्या भागात पाहायची असेल तर तिला शोधत हिंडण्यात अर्थ नाही, ती क्वचितच हाती लागते. कोळी शोधणे सोपे. बांधावर किंवा गवतात एखादा लांडगा-कोळी सुस्त, पोट फुगलेला आणि हात लावला तरी न पळणारा दिसला, तर त्याला काचेच्या बाटलीत ठेवा. बाटलीच्या तोंडाला पातळ फडके बांधा, आत एक काडी आणि ओल्या कापसाचा लहान बोळा ठेवा. काही दिवसांत कोळी मेला आणि शेजारी पांढरी अळी किंवा कोष दिसला तर बाटली हलवू नका, सावलीत ठेवा. माशी निघाली की बाटली रविवारी मिस्सानंतर धर्मगुरुनिवासात आणून द्या, म्हणजे ती विद्यापीठात ओळखीसाठी पोहोचवता येईल. बाटलीवर गावाचे नाव, शेतातले पीक आणि कोळी सापडल्याची तारीख पेन्सिलीने लिहिलेली असावी.